एक कात्रज

घर कात्रजला, तिकीट अरण्येश्वरचं.
कारण 'अ'ला दार नाही,
तोंड उघडलं की तो बाहेर.
'क' मात्र घशात आडवी घातलेली कडी.
मागे रेटा, वर दांड्याला लोंबणारा हात,
आणि कंडक्टर : बोला बोला, पुढं जायचंय मला.
म्हणून अकरा वर्षं
मी अरण्येश्वरला उतरत आलो
आणि उरलेला रस्ता पायांनी बोललो.

सदाशिव पेठेत बाइंडिंगचं काम.
सोळा पानांचा फर्मा, सुई आत, सुई बाहेर.
दोरा कुणाला नाव विचारत नाही.
बिडवेशेठ माझी वाक्यं पुरी करतात,
प्रेमानं, आणि बहुतेक वेळा चुकीची.
एकदा रजा मागायला गेलो
तर रद्दीवाल्याला बोलावून आणावं लागलं.

चौतिसाव्या वर्षी दवाखान्यात वाकनीस मॅडम भेटल्या.
दर बुधवारी अर्धा तास.
मी पाटीवर लिहिलं : कात्रज.
त्यांनी ओल्या बोटानं पुसलं.
अरण्येश्वरच्या पुढचा थांबा कुठला?
नातूबाग.
मग तेवढंच. 'न' नाकातून येतो,
नाकाला कडी नसते.

दोन महिने लागले.
चालणं वाचलं पाच-सात मिनिटांचं.
एवढ्यासाठी? म्हणून वहिनी हसली,
आणि त्या दिवसापासून पोळ्या
पाच-सात मिनिटं आधी टाकू लागली.

पद्मावतीत अख्खा हिवाळा गेला.
ओठ टेकव, दाबू नको,
आजारी माणसाच्या दारावर वाजवतो तसं.
रात्री गच्चीवर सिंटेक्सच्या रिकाम्या टाकीत
डोकं घालून म्हणायचो : प... प... पद्मावती.
टाकी परत म्हणायची,
तीही अडखळत. बरं वाटायचं.

मग शंकर महाराज मठ,
मग एका सोमवारी बालाजीनगर, चक्क एका दमात,
इतकं अचानक की सुट्टे घ्यायचे राहिले.

मंगळवारी एका पोरानं माझी नक्कल केली.
चांगली केली. त्याची आईही हसली.
पुढचे तीन आठवडे
मी पुन्हा अरण्येश्वरला.
कोपऱ्यावरचा कणीसवाला म्हणाला, होता कुठं?
मॅडमनी वहीत तारीख टाकली,
म्हणाल्या, चला, म्हणजे तो थांबा अजून आहे तिथं.

मधेच पुतण्यानं मोबाइलवर तिकीट काढून दाखवलं.
काका, आता बोलायचंच नाही!
मी त्याला धन्यवाद म्हणालो.
'ध'ला चौदा सेकंद लागले.
तो बिचारा फोन धरून उभा राहिला.

भारती विद्यापीठ मी गाळलं.
सगळेच थांबे घ्यायला मी काही बस नाही.

आणि परवा, शनिपारला चढलो.
कंडक्टर नवीन मुलगी, मशीनवर अंगठा तयार.
एक, म्हणालो.
का,
म्हणालो.
अर्धी बस कात्रजचीच होती,
तिला सहज ओळखता आलं असतं.
तिनं ओळखलं नाही.
खिडकीतून बाहेर बघत राहिली,
जणू तिलाही माहीत नाही
हा रस्ता कुठं जातो.

मंडई गेली.
का.
स्वारगेटच्या पुलाखाली सिग्नल लागला,
इंजिन घरघरत उभं राहिलं,
आणि 'त्रज' आलं,
नको इतकं मोठ्यानं.
शेजारी पेंगणारे आजोबा दचकून उठले,
पिशवी शोधत म्हणाले,
आलं का कात्रज?

अजून लांब आहे, मी म्हणालो,
झोपा.